चौदा दिवसांचा विलंब

माझ्या तक्रारअर्जात एकूण अकरा मुद्दे होते. त्याची स्थळप्रत आजही माझ्याकडे आहे आणि भाषेच्या किंवा कायद्याच्या दृष्टीने तिच्यात कोणालाही चूक काढता येणार नाही. त्या अर्जामुळे आमच्या गावच्या शाखा डाकघरातील सेवकाची सतरा वर्षांची नोकरी गेली. तो चोर नव्हता, दारू पीत नव्हता, कोणाचे टपाल त्याने कधी फोडले नव्हते. ज्याची क्षमा मागायची त्याच्याकडे मी जाऊन आलो आहे, तेव्हा हे लिहिणे त्यासाठी नाही. खात्याच्या दप्तरात माझा तो अर्ज पुरावा म्हणून राहणार आहे, आणि त्यात खरी हकिगत नाही, म्हणून ती इथे लिहितो.

मी दिवाणी न्यायालयात एकतीस वर्षे नोकरी केली. कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि सहायक अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. मग वसमतचे भाड्याचे घर सोडून कुरुंद्याच्या वाटेवरील आमच्या गावी राहायला आलो. निवृत्तीनंतर माणसे देवाधर्माला लागतात, मी पत्रव्यवहाराला लागलो. विजेचा दाब कमी आला की उपअभियंत्याला पत्र, पाण्याच्या टाकीला झाकण नसले की ग्रामसेवकाला पत्र, मग स्मरणपत्र, दुसरे स्मरणपत्र, आणि त्यानंतर वरिष्ठांकडे अपील. प्रत्येक पत्र पोचपावतीसह नोंदणी टपालाने जात असे. गावात हसणारे होते. पण टाकीला झाकण बसले ते माझ्या पत्रानेच, हे हसणाऱ्यांनाही माहीत होते.

डाकघर म्हणजे ग्रामपंचायतीच्या मागची एक खोली. त्यात एक टेबल, एक वजनकाटा आणि एक लोखंडी पेटी. सेवक जवळच्या तांड्यावरचा, चाळिशीचा, एकटाच सगळे पाहणारा. सकाळच्या बसने आलेली थैली तो उघडी, शिक्के मारी, आणि दुपारी मोटारसायकलवरून वाटपाला निघे. त्याच्या कामातील एकच गोष्ट मला खटकत असे. तो लोकांकडे बसत असे. ज्याला वाचता येत नाही त्याला कागद वाचून दाखवायचा, समजावून सांगायचा, आणि कागद वाईट असला तर चहाचा कप रिकामा झाला तरी उठायचे नाही. टपाल पोचवणे हे त्याचे काम, ते पोचल्यावर माणसाचे काय होते हे पाहणे त्याचे काम नव्हे, असे माझे मत होते. ते मी त्याला एकदा ऐकवलेही होते.

"साहेब, कागद देऊन पळून येणं बरं न्हाई वाटत," तो म्हणाला होता.

आमच्या ओसरीवरही तो बसत असे, माझ्याजवळ नव्हे, पत्नीजवळ. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात, तसे तो तिला म्हणे. ती त्याच्या मुलीच्या शाळेची चौकशी करी, त्याच्या गुडघ्यासाठी तेल देई. मी आत बसून मसुदे लिहीत असे आणि बाहेरचे हसणे ऐकून मला त्या दोघांचाही राग येत असे.

त्या वर्षी माझे मोठे प्रकरण दुपारच्या बसचे होते. वसमतहून आमच्या गावी येणारी दुपारची फेरी बंद झाली होती. शाळेतून सुटलेल्या मुली सायंकाळपर्यंत स्थानकात बसून राहत. फेरी का बंद केली याची माहिती मी मागितली. ती नाकारण्यात आली. मी अपील केले, तेही फेटाळले गेले, मग त्याच्याही वर गेलो. सुनावणीची नोटीस कधीही येईल अशा बेताला प्रकरण आले होते. मी रोज युक्तिवादाची टिपणे काढत होतो.

अशाच एका सकाळी पत्नी दारात येऊन म्हणाली, "कालपासून डावा खांदा फार दुखतोय हो."

मी मान वर केली नाही. "हे एवढं पान लिहून होऊ दे."

पान लिहून झाले, त्यानंतर दुसरेही झाले. तिने पुन्हा विचारले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी हळदीच्या वाळवणापाशी ती बसल्या जागी कलली. शेजाऱ्याच्या जीपमधून आम्ही वसमतला पोचण्यापूर्वीच ती गेली होती.

पुढील तेरा दिवस मी फारसा बोललो नाही आणि रडलो तर अजिबात नाही. नात्यातली माणसे आली, गाव आले. मुलगी आणि जावई नांदेडहून आले ते थांबले. सेवकही दोनदा आला. अंगणात सतरंजीवर इतर माणसांत टोपी मांडीवर ठेवून बसला आणि न बोलता उठून गेला. चौदाव्या दिवशी दुपारी तो पुन्हा आला, तेव्हा त्याच्या हातात लिफाफा होता. मी सही करून घेतला, फोडला. सुनावणीची नोटीस होती आणि सुनावणीची तारीख दोन दिवसांपूर्वीच उलटून गेली होती. लिफाफा उलटा करून मागचा शिक्का पाहिला. टपाल आमच्या डाकघरात आल्याचा दिवस धरून बरोबर चौदा दिवस झाले होते.

"हे इतके दिवस कुठे होते?" मी विचारले.

"पेटीत व्हतं, साहेब."

"पेटीत का होते?"

तो क्षणभर माझ्याकडे आणि मग माझ्या मागे भिंतीकडे बघत राहिला. भिंतीला तिचा नवा फोटो टेकवून ठेवलेला होता. "राहून गेलं," तो म्हणाला.

नंतरच्या आठवड्यात अपील गैरहजेरीमुळे निकाली काढल्याचा आदेश आला. त्याच दिवशी मी तक्रार लिहायला बसलो आणि तिच्या मृत्यूनंतर प्रथमच मला भूक लागली, हे मला स्पष्ट आठवते. मला कोणावर तरी आरोप ठेवायचा होता. मृत्यूविरुद्ध अर्ज दाखल करून घेणारे कार्यालय नाही, आणि माझ्या स्वतःविरुद्ध लिहिण्याचे माझ्या मनात आले नाही. सेवक मात्र हाताशी होता.

माहितीच्या अर्जाने मी वाटपाच्या नोंदींच्या प्रती मिळवल्या. त्यांत त्याने एकेका दिवसासमोर "दार बंद" असा शेरा लिहिलेला होता. नियम असा की नोंदणी टपाल सात दिवसांत देता आले नाही, तर प्रेषकाकडे परत जावे. त्याने ते परतही केले नव्हते आणि दिलेही नव्हते. उलट खोट्या नोंदी केल्या होत्या. मला कोण आनंद झाला! सातवा मुद्दा मी असा लिहिला: "सदर कालावधीत अर्जदाराचे घर एक क्षणही बंद नव्हते. घरी पाहुण्यांचा अहोरात्र राबता होता व ही बाब संपूर्ण गावास ज्ञात आहे." आठवा मुद्दा: "सदर सेवक या कालावधीत दोन वेळा अर्जदाराच्या अंगणात स्वतः हजर होता. तथापि त्याने टपालाचा उल्लेखही केला नाही."

ही वाक्ये मी स्वतःच्या हाताने लिहिली आहेत. लिहिताना माझा हात थांबला नाही.

अर्ज पाठवायला मी त्याच डाकघरात गेलो. गावात दुसरे नव्हते आणि त्याच्या हातूनच तो जावा अशी माझी इच्छाही होती. खोलीत माझ्या वयाचा एक शेजारी बाकावर टेकला होता.

"काय साहेब, आज कोणाचा नंबर? वीजवाले का बसवाले?"

"टपालवाले," मी म्हणालो.

"आता गं माय! पोस्टाची तक्रार पोस्टातूनच?" तो मोठ्याने हसला, मग सेवकाकडे पाहून त्याचे हसू विरले. "काहून पण, साहेब? याचं काय चुकलं?"

मी लिफाफा पुढे केला. सेवकाने लिफाफा काट्यावर ठेवला, पत्ता वाचला.

"माझ्याबद्दल हाय का, साहेब?"

"आतला मजकूर विचारण्याचा तुला अधिकार नाही."

"मजकूर न्हाई इचारत. पत्ता दिसून राहिला म्हणून म्हणलं." त्याने तिकिटे लावली, शिक्का मारला, पोचपावतीचे कार्ड उलटसुलट पाहिले आणि परत माझ्यापुढे सरकवले. "इथं तुमचा पिनकोड राहिला. टाका, न्हाईतर पावती वापस यायला तकलीफ हुईल."

मी पिनकोड लिहिला. त्याच दिवशीच्या थैलीतून त्याने ते पत्र रवाना केले. शिक्क्यावरून मी नंतर त्याची खात्री करून घेतली. स्वतःवरच्या आरोपांना त्याने एका दिवसाचाही विलंब होऊ दिला नव्हता.

दोन महिन्यांनी चौकशीसाठी निरीक्षक आले. थकलेले, सभ्य गृहस्थ होते. ग्रामपंचायतीच्या खोलीत त्यांनी माझा जबाब घेतला, नंतर सेवकाला समोर बसवले.

"घर बंद होतं का?"

"न्हाई, साहेब."

"मग दार बंद असं का लिहिलं?"

त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"अरे, काही कारण असेल तर सांग. मी लिहून घेतो. आजारी होतास? घरी काही झालं होतं?"

"न्हाई साहेब. राहून गेलं."

"चौदा दिवस राहून जातं?"

मी खुर्चीवरून पुढे सरकून म्हणालो, "कृपया नोंद घ्यावी. विलंबाचे कारण सेवकाने दिलेले नाही."

निरीक्षकांनी नोंद घेतली. सेवकाने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर मला ती कळली असती. रागाची नजर मी ओळखतो. ही वेगळी होती आणि मी तिला निर्लज्जपणा असे नाव देऊन घरी आलो. आठवड्याभरात त्याला चौकशी पूर्ण होईपर्यंत कामावरून दूर करण्यात आले.

हे सर्व मी मुलीला सांगितले ते सहाव्या महिन्यात ती राहायला आली तेव्हा. सांगितले असे नव्हे, फाईलच तिच्यापुढे ठेवली. ती शिक्षिका आहे आणि माझे मसुदे लहानपणापासून वाचत आली आहे. ओसरीवर बसून ती वाचू लागली. मी समोर बसून तिच्या चेहऱ्यावर पसंती शोधत होतो.

"बाबा, ही तारीख कोणती?"

"शिक्क्याची. टपाल आमच्या डाकघरात पोचलं ती."

"त्या दिवशी आपण कुठे होतो?"

"कुठे म्हणजे? इथेच."

"नदीवर होतो, बाबा. त्याच दिवशी आई गेली. तिला अग्नी द्यायला गेलो होतो." ती पुढे वाचू लागली. मग तिने सातवा मुद्दा मोठ्याने वाचला. "पाहुण्यांचा अहोरात्र राबता होता." तिने वर पाहिले. "पाहुणे कशाला आले होते, बाबा?"

मी फाईलसाठी हात पुढे केला, तिने ती दिली नाही.

"आणि सुनावणी कोणत्या दिवशी होती? बघा ना. तुम्ही फार तारखा बघता, ही बघा. आईचं बारावं होतं त्या दिवशी. तुम्ही गेला असता का?"

माझ्या तोंडून 'नाही' यायला हवे होते. पण खरे उत्तर मला माहीत होते. पहाटेच्या बसने मी गेलो असतो. फाईल काखेत मारून, पिंड जावयावर सोपवून, सगळ्या नात्यागोत्यासमोर मी निघालो असतो, आणि ही माझी मुलगी जन्मभर माझ्याशी बोलली नसती.

तिने फाईल मिटली. "त्याला विचारलं तरी होतं का, काय झालं म्हणून?"

"विचारलं होतं. म्हणाला, राहून गेलं."

"तुम्ही तसं विचारलं असेल," ती म्हणाली आणि आत गेली. दुसऱ्याच दिवशी, ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी, ती नांदेडला परतली.

माझ्या आयुष्यात मी किती विलंबमाफीचे अर्ज हाताळले, याची गणती नाही. मुदत उलटल्यानंतर आलेला प्रत्येक पक्षकार असा अर्ज जोडतो. त्यात एकच गोष्ट विचारलेली असते: उशीर का झाला, आणि त्याला पुरेसे कारण होते काय. ज्या कायद्याच्या नावाने मी लोकांवर ओरडत आलो, तो कायदाही शिक्षेपूर्वी कारण विचारतो. बाळंतपण, पूर, घरातील मृत्यू, सगळे तो ऐकून घेतो. मी ते अर्ज तपासले, क्रमांक टाकले, पुढे पाठवले, पण त्यांतले कारण कधी वाचले नाही. रकाना भरलेला आहे ना, एवढेच पाहिले. एक बाई एकदा टेबलापाशी उभी राहून, मूल कसे गेले ते मला सांगू लागली होती. मी तिला म्हणालो होतो, "हे सगळे लिहून द्या, तोंडी चालत नाही." तिला लिहिता येत नव्हते.

मुलगी गेल्यावर मी शेजाऱ्याकडे गेलो, त्या बाकावरच्याच. सेवकाने माझे टपाल का ठेवून घेतले, ते त्याला सरळ विचारले.

"हे तर साऱ्या गावाला ठाऊक हाय, साहेब," तो म्हणाला. "ज्या घरी माणूस गेलं, त्या घरी तेरा दिवस सरकारी कागद न्यायचा न्हाई. याच्या आधीचा पोस्टमन बी तसंच करायचा. माझा भाऊ गेला तवा जमिनीच्या मोजणीची नोटीस अशीच ठेवली व्हती त्यानं. तेराव्याच्या दुसऱ्या दिशी घेऊन आला अन् वाचून बी दाखवली."

"मग चौकशीत कोणी सांगितलं का नाही?"

"आमाला कोणी इचारलं? अन् तुमी समोर बसलेले." तो पुढे म्हणाला. "आमाला वाटलं, तुमाला तर ठाऊकच आसंल. तुमच्याच घरचं हाय ते."

त्याच दिवशी मी तक्रार मागे घेत असल्याचे पत्र लिहिले. उत्तर आले की प्रकरण आता खात्याचे आहे, तक्रारदाराचा त्यात संबंध उरलेला नाही. उत्तर नियमाला धरून होते. मी विभागीय कार्यालयात समक्ष गेलो. तेथील अधिकाऱ्यांनी मला बसवले, फाईल मागवली, आणि सातव्या मुद्द्यावर बोट ठेवले.

"साहेब, उशीर झाला हे मी समजू शकतो. अडचण खोट्या नोंदीची आहे. घर बंद नव्हतं हे तुम्हीच लिहून दिलंय. तुमच्या अर्जाशिवाय आमच्याकडे दुसरा पुरावाच नाही." मग कोरा कागद माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, "आता असं लिहून देता का, की त्या दिवसांत घर बंद असायचं, तुमच्या लक्षात राहिलं नाही? तेवढ्यावर मी काही करू शकेन."

मी पेन उघडले. घर बंद होते, एवढे तीन शब्द. माझ्या लेखणीतून आयुष्यात एकही असत्य विधान गेले नव्हते आणि त्याचा मला अभिमान होता. तो माणूस माझ्यासाठी चौदा दिवस रोज खोटे लिहीत होता. मला त्याच्यासाठी एकदा लिहिता आले नाही. मी पेन बंद केले. अधिकाऱ्यांनी कागद परत घेतला. याला कोणी सचोटी म्हणेल. मी त्या खोलीत होतो, आणि मला ती भीती वाटली. माझे नाव डागाळेल, एवढीच.

महिन्याभरात त्याला सेवेतून काढल्याचा आदेश निघाला. अपिलासाठी मुदत होती. मी चार दिवस खपून अपिलाचा मसुदा केला. माझ्या हातून याहून चांगला मसुदा झालेला नाही. त्यात मी सर्व खरे लिहिले: घरातील मृत्यू, गावची रीत, सेवकाचा हेतू, तक्रारदाराचे आंधळेपण. खाली फक्त त्याची सही हवी होती. तो घेऊन मी तांड्यावर गेलो. इतक्या वर्षांत मी तिथे प्रथमच जात होतो. अंतर दीड मैलाचे होते.

त्याची बायको दारात धान्य पाखडत होती. मला पाहून तिने सूप खाली ठेवले नाही.

"आता काहून आले, साहेब? आणखी काही लिवायचं ऱ्हायलं का?"

"गप बस," तो आतून म्हणाला. बाहेर येऊन त्याने बाज टाकली, फडके मारले. त्याचे हात कोपरापर्यंत पिवळे होते. हळद शिजवण्याच्या कढईवर तो रोजंदारीला जाऊ लागला होता.

मी कागद बाजूला ठेवले आणि त्याला विचारले, निरीक्षकांच्या खोलीत जे विचारायला हवे होते ते. "उशीर का केलास रे?"

तो समोर उकिडवा बसला. "याडी गेली त्याच दिशी लिफाफा आला, साहेब. वरून कळतं मला, सुनावणीचा हाय म्हणून. खिशात घालून आलो तुमच्याकडे. तुमी खांबाला टेकून बसले व्हते. द्यावं वाटलं, मग मनात आलं, तारीख या तेरा दिसातलीच आसंल. तुमी गेले आसते, साहेब."

"गेलो असतो."

"लोकं काय म्हणले आसते तुमाला? अन् ताईला काय वाटलं आसतं?" त्याने हात बाजेच्या दोरीवर घासले. "याडीनं मला एकडाव सांगितलं व्हतं, हे चिडले तरी तू मनावर घेऊ नको, यायला कागदाबिगर करमत न्हाई. म्हणून म्हणलं, तेरा दिवस तरी कागदाबिगर बसू द्यावं. तिच्यासाठी."

मी अपिलाचा कागद त्याला वाचून दाखवला. त्याने तो नीट ऐकला. मध्ये एकदा डोळे पुसले. मी पेन पुढे केले.

"लई बराबर लिवलं, साहेब. पण सही न्हाई करत."

"अरे, यात सगळे खरे आहे!"

"खरं हाय म्हणूनच. हे कारण लिवलं की ते इचारतील, आणखी कोणाकोणाचं थांबवलं? मग जितक्या घरी मी कागद ठेवला, तितक्या घरी साहेब लोक जबाबाला जातील. ज्या बाईचा नवरा गेला, तिला दारात बसवून इचारतील, तुमचं टपाल किती दिवसांनी दिलं? कोणाचं पोरगं गेलं, कोणाची माय गेली. त्या लोकायला पुन्हा ते सारं..." त्याने मान हलवली. "नोकरी गेली ती गेली. ते न्हाई व्हायचं माझ्याकडून."

मी वाद घातला. मुदत, नियम, पूर्वीचे निर्णय, मुलीचे शिक्षण, जे जे सुचले ते सांगितले. माझा आवाज चढला. त्याची बायको सूप घेऊन आत निघून गेली. शेवटी तो म्हणाला, "साहेब, तुमी पुन्हा चिडून राहिले." आणि किंचित हसला. मी कागदाची घडी घातली.

नंतर दोन वेळा मी गेलो, दोन्ही वेळा कागद घेऊन. दोन्ही वेळा त्याने चहा दिला आणि सही दिली नाही.

मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला. सकाळी मी अपील पिशवीत घातले, पुन्हा बाहेर काढले, आणि घरीच ठेवून निघालो. मी पोचलो तेव्हा तो कढईवरून परतला नव्हता. त्याच्या बायकोने पाण्याचा तांब्या माझ्याजवळ ठेवला आणि ती आत गेली. मी बाजेवर बसून राहिलो. समोरच्या घरापुढे एक म्हातारी माझ्याकडे टक लावून पाहत होती. तिचाही कागद त्याने कधी थांबवला असेल का, असे माझ्या मनात येत राहिले. विचारण्याचे धाडस झाले नाही.

ऊन उतरता उतरता तो आला. माझ्या हाताकडे आणि बाजेवर त्याने पाहिले. काही नव्हते.

"आज आखरी दिस ना, साहेब?"

"हो. कार्यालय साडेपाचला बंद झालं असेल."

"मग झालं." तो बाजेच्या दुसऱ्या टोकाला टेकला. त्याच्या अंगाला उकळलेल्या हळदीचा वास येत होता. सतरा वर्षांची नोकरी त्या क्षणी कायद्याने संपली होती आणि आम्ही दोघेही समोरच्या रस्त्याकडे बघत होतो. मग मी म्हणालो की तिने खांदा दुखतो असे सांगितले होते, आणि मी पान लिहून होऊ दे म्हणालो होतो. हे मी तोपर्यंत कोणाला सांगितले नव्हते, मुलीलाही नाही. त्याने ऐकून घेतले. समजूत घातली नाही, की उठलाही नाही.

आतून भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला, तेव्हा त्याने विचारले, "सकाळपासून काही खाल्लं का, साहेब?"

"नाही," मी म्हणालो.